वर्ग नवशिक्यांचा, पण नवशिकी मी एकटीच

ताई,

मी पुण्यातल्या एका विद्यापीठात बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव फलटण तालुक्यात, दहावीपर्यंतची शाळा मराठी माध्यमाची. या सत्रात ऐच्छिक विषय म्हणून फ्रेंच घेतलं. चार क्रेडिटचा विषय आहे आणि माहितीपत्रकात ‘पूर्वज्ञानाची गरज नाही’ असं छापलं होतं. पहिल्याच तासाला मॅडमनी फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं आणि अर्ध्या वर्गाने फ्रेंचमध्येच उत्तर दिलं! कुणाचं अकरावी-बारावीला फ्रेंच होतं, कुणाचं शाळेत सहावीपासून. माझी पाळी आली तेव्हा नाव सांगतानाही अडखळले.

मॅडम चांगल्या आहेत, पण इंग्रजीतून भराभर समजावतात. मी वहीत फ्रेंच शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवते. शेजारच्या मुलीने ते पाहिलं आणि मागच्या बाकावर दाखवलं, सगळे हसले. ऐकण्याच्या चाचणीत मला २० पैकी ६ मिळाले. लेखी चाचणीत १४ होते, म्हणजे अभ्यास करत नाही असं नाही. ७० च्या पुढचे आकडे तर डोक्यातच शिरत नाहीत.

विषय बदलायची मुदत दहा दिवसांत संपतेय. बदलू का? सीजीपीए खाली आला तर पुढे एम.एस्सी.ला त्रास होईल. बाबा म्हणतात, पुण्यात राहून जर्मन घ्यायचं सोडून फ्रेंच कशाला घेतलंस? बाहेर क्लास लावायचा तर पैसे मागायला लागतील. माझ्यात भाषा शिकायची कुवतच नाही का?

– एक विद्यार्थिनी, पुणे

*

अगं, कुवतीचं आधी बाजूला ठेव. लेखीत १४ आणि ऐकण्यात ६, हे आकडे कुवतीबद्दल काहीच सांगत नाहीत. तू फ्रेंच डोळ्यांनी शिकते आहेस आणि कानांनी शिकायला अजून सुरुवात झालेली नाही, एवढंच त्यातून दिसतं. ते कसं सुधारायचं ते सांगतेच, पण आधी तुझ्या वर्गात बसलंय कोण ते समजून घे.

आपल्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच किंवा जर्मन घेणाऱ्यांतली बरीच मुलं ते भाषेसाठी घेत नाहीत, ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतात. सीबीएसईच्या अनेक शाळांत तिसरी भाषा म्हणून फ्रेंच असतंच. हीच मुलं पुढे विद्यापीठात आली की पुन्हा नवशिक्यांच्या वर्गात नाव घालतात, कारण चार क्रेडिट अलगद मिळतात. फ्रेंच शिकवणारे अशांना ‘फो देब्यूताँ’ म्हणतात, म्हणजे खोटे नवशिके. जगभर जिथे जिथे विद्यापीठात प्राथमिक फ्रेंच शिकवतात तिथे हे असतातच. मी शिकवत होते तेव्हाही माझ्या प्रत्येक वर्गात होते आणि खऱ्या नवशिक्यांना पहिल्या महिन्यात त्यांनीच सगळ्यात जास्त घाबरवलं. वर्ग लावताना ही वाटणी करायचं काम विद्यापीठाचं आहे. ते होत नाही, यात तुझा काही दोष नाही.

या मुलांना नेमकं काय येतं? नाव, गाव, वय, आवडीनिवडी ही पाठ केलेली वाक्यं झकास येतात. क्रियापदं चालवता येतात, गाळलेल्या जागा भरता येतात. पण बोर्डाची तयारी मुख्यतः कागदावरची असते. अनोळखी आवाजात, नेहमीच्या वेगाने फ्रेंच कानावर पडलं की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची गाडी तुझ्याइतकीच अडते. ऐकण्याच्या चाचणीत वर्गातल्या इतरांना किती पडले, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. विचारून बघ. त्यांची आघाडी सत्र संपेपर्यंत पूर्ण मिटेल असं खोटं सांगणार नाही, शब्दसंग्रहात ते पुढेच राहतील. पण ऐकण्या-बोलण्यात ते वाटतात तेवढे पुढे नाहीत.

आता विषय बदलायचं. माझं मत: बदलू नकोस. मात्र या आठवड्यात एक गोष्ट लेखी नियमांत पाहून घे. तुमच्याकडे श्रेणी ठरलेल्या गुणांवर देतात, की वर्गातल्या इतरांच्या तुलनेत? ठरलेल्या गुणांवर असेल तर शेजारणीला ९५ पडले काय आणि ५५ पडले काय, तुझ्या सीजीपीएला काही होत नाही. तुलनेवर असेल आणि अर्धा वर्ग जुना असेल, तर तुझी भीती खरी आहे. अशा वेळी मुदतीच्या आत विषय बदललास तर मी तुला पळपुटी म्हणणार नाही. त्याचबरोबर अंतर्गत गुण कशाला आहेत ते बघ. हजेरी, गृहपाठ, लेखी चाचण्या यांचे गुण नीट मिळवलेस तर ऐकण्याच्या एका चाचणीने फार बिघडत नाही.

राहायचं ठरवलंस तर सगळी मेहनत आधी कानावर घाल. फ्रेंच लिहितात एक आणि ऐकू येतं भलतंच. मी बोलते, तू बोलतोस, ते बोलतात, या तिन्हींत क्रियापदाची शेपटी कागदावर वेगवेगळी, पण तोंडाने तिन्ही ठिकाणी ‘पार्ल’च. शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुतेक वेळा गप्प बसतं, आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की तेच व्यंजन जागं होऊन त्याला चिकटतं. ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’ होतं. तू वहीत दोन शब्द पाहिलेले असतात, ध्वनिफितीत एकच ऐकू येतो, आणि तो कुठला ते शोधेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून जातात. ६ गुणांचं कारण बहुधा हेच. एक उदाहरण मुद्दाम लक्षात ठेव: ‘इल सों’ म्हणजे ते आहेत, ‘इल झों’ म्हणजे त्यांच्याकडे आहे. फरक फक्त स आणि झ चा, आणि परीक्षा घेणाऱ्यांना हा फरक भारी आवडतो.

तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या ध्वनिफिती असतीलच. एक छोटा संवाद घे, अर्ध्या-एक मिनिटाचा, आणि पुस्तक मिटून ऐक. काही कळलं नाही तरी पुन्हा ऐक. मग जे ऐकू आलं ते कागदावर लिही, चुकीचं का असेना. त्यानंतरच पुस्तक उघडून ताडून बघ. कुठे दोन शब्द चिकटले, कुठलं अक्षर गिळलं, त्यावर पेन्सिलने खूण कर आणि पुस्तकात पाहत परत ऐक. रोज पंधरा-वीस मिनिटं हे केलंस तर पुरे. रविवारी बसून तीन तास केलंस तर उपयोग नाही. फ्रान्सच्या शाळांत मुलांना ‘दिक्ते’ म्हणजे श्रुतलेखन घालतात, त्यांच्या मुलांनाही कानावर पडलेलं कागदावर उतरवायला कष्ट पडतात म्हणूनच. पुस्तकातलं संपलं की टीव्ही५ मोंद या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर ए१ पातळीपासूनचे (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात, ए१ सगळ्यात खालची) छोटे व्हिडिओ आणि त्यावरचे प्रश्न फुकट मिळतात. ड्युओलिंगो हे मोबाइल अ‍ॅप शब्द पाठ करायला ठीक आहे. बसमध्ये उभ्याने करायचं काम आहे ते, त्याला अभ्यास म्हणू नकोस.

देवनागरीचं काय? लिही, बिनधास्त लिही. रोमन लिपीत उच्चार लिहिणाऱ्यांपेक्षा तू कितीतरी बरी, कारण आपल्या लिपीत त आणि ट वेगळे आहेत. फ्रेंचमधले त आणि द आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून येतात आणि त्यांच्या प, त, क मध्ये इंग्रजीसारखा हकार फुंकलेला नसतो. इंग्रजी वळणाने शिकलेली मुलं ‘टू’, ‘टाब्ल’ करत बसतात, तिथे तुझा ‘त’ पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. तुझ्या मॅडमनी एकदा तरी ते ओळखलं असेल.

देवनागरी कमी पडते ती मोजक्या जागी, आणि त्या जागा ठाऊक असल्या पाहिजेत. पहिली जागा म्हणजे ‘त्यू’ मधला स्वर. तो ‘यू’ नव्हे आणि ‘ऊ’ही नव्हे. ओठांचा चंबू ‘ऊ’चा ठेवायचा आणि आतून ‘ई’ म्हणायचं. आरशासमोर कर, खोलीतल्या मुली हसतील, हसू देत. हा स्वर चुकला की ‘वर’चं ‘खाली’ होतं: दस्यू म्हणजे वर, दसू म्हणजे खाली. दुसरी जागा म्हणजे नाकातले स्वर. आपल्या अनुस्वाराने ते भागतील असं वाटतं, पण आपण ‘बोंजूर’ म्हणताना मध्ये न किंवा ञ चा पुसटसा उच्चार करतो, त्यांच्याकडे तो नसतो. जीभ कुठेही टेकवायची नाही, फक्त स्वर नाकातून सोडायचा. आणि र घशातला, ख आणि ग यांच्या मधला, खरवडल्यासारखा. तो नाही जमला तरी चालतं. फ्रान्सच्या काही ग्रामीण भागांत जुनी माणसं आपल्यासारखा जिभेचा र म्हणत आली आहेत. तेव्हा आधी स्वर सुधार, र नंतर. या जागांसाठी वहीत स्वतःची एखादी खूण ठरव. सत्राच्या मध्यावर देवनागरी हळूहळू बंद कर, कारण तोपर्यंत फ्रेंच स्पेलिंग पाहून उच्चार आपोआप यायला लागायला हवा. तो नियमाने येतो. इंग्रजीपेक्षा किती तरी जास्त नियमाने.

व्याकरणाच्या टिपा मराठीत काढ. मॅडम इंग्रजीतून सांगतात ते वर्गात ऐकायचं, पण घरी वही मराठीची. हे अस्मितेपोटी सांगत नाही, सोपं पडतं म्हणून सांगते. इंग्रजीतून जाणाऱ्याला निर्जीव वस्तूला लिंग असतं हेच पचवायला महिना लागतो. तुला खुर्ची ती आणि पंखा तो हे जन्मापासून ठाऊक आहे. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, तेवढं ओझं कमीच. फक्त मराठी लिंग जसंच्या तसं तिकडे नेऊ नकोस: खुर्ची दोन्हीकडे स्त्रीलिंगी, पण आपला चंद्र पुल्लिंगी आणि त्यांचा स्त्रीलिंगी. म्हणून शब्द कधीच सुटा पाठ करायचा नाही, पुल्लिंगी असेल तर ‘ल’ आणि स्त्रीलिंगी असेल तर ‘ला’ लावूनच करायचा. ‘लून’ नव्हे, ‘ला लून’. विशेषण नामाप्रमाणे बदलतं हेही तुला नवीन नाही, आपलं चांगला-चांगली तेच आहे. तू आणि तुम्ही यांचा फरक समजावताना इंग्रजीतून शिकवणाऱ्याला अर्धा तास लागतो. तुला एवढंच पुरे: मॅडमना ‘व्हू’, शेजारणीला ‘त्यू’.

पुढच्या सत्रात भूतकाळ येईल तेव्हा तर गंमत आहे. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना लिहिणारा पुरुष असला तरी आपण ‘लिहिलेली’ म्हणतो, चिठ्ठीमुळे. फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आलं की नेमकं हेच घडतं आणि ‘एक्री’चं (लिहिलेला) ‘एक्रीत’ (लिहिलेली) होतं. या नियमाशी खुद्द फ्रेंच लोक झगडतात, त्यांच्याकडे त्यावर वर्तमानपत्रांत वाद होतात. तू एका वाक्यात समजून घेशील. मराठीचा इतिहास शास्त्रशुद्धपणे मांडणारा पहिला मोठा ग्रंथ ज्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने फ्रेंचमध्ये लिहिला, तो १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे या दोन भाषांचं एकमेकींकडे येणं-जाणं जुनं आहे, इंग्रजीच्या दारातूनच जायला पाहिजे असं काही नाही.

आकड्यांबद्दल तुझी तक्रार रास्त आहे. ७० म्हणजे साठ-दहा, ८० म्हणजे चार-वीस, ९९ म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच भाषकांनी ७० आणि ९० साठी सरळ शब्द ठेवलेत, फ्रान्सने नाहीत. पण एकोणसत्तर, एकोणऐंशी म्हणणाऱ्या आणि शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ केलेल्या आपण याला घाबरायचं म्हणजे अतीच झालं. तुझ्या आजोबांच्या पिढीतल्या कुणाला विसा मोजताना ऐकलं असशील तर ‘चार विसा’ हा हिशेब तुला परका नाही. खरी अडचण वेगाची असते. फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत सांगतात, आणि ‘स्वासाँत’ म्हणजे साठ ऐकून तू ६ लिहितेस तोवर पुढे ‘दूझ’ म्हणजे बारा येऊन त्याचं ७२ झालेलं असतं. म्हणून ‘स्वासाँत’ किंवा ‘कात्र-व्हँ’ (चार-वीस) ऐकलं की हात थांबवायचा, पुढचा शब्द येऊ द्यायचा आणि मग लिहायचं. सरावासाठी रस्त्यावरच्या गाड्या आहेतच. एमएच १२ नंतर अक्षरं आणि चार आकडे, दोन-दोनच्या जोडीने मनात वाचत जा. फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका सिग्नलला पाच-दहा नंबर सहज होतात.

वर्गात बोलायचं कसं, हा प्रश्न राहिला. वर्गात आणखी दोघं-तिघं खरे नवशिके असणारच, तेही तुझ्यासारखेच गप्प बसलेले. त्यांना हुडकून काढ आणि जोडीच्या सरावाला त्यांच्यासोबत बस. सगळ्यात हुशार मुलीसोबत बसलीस तर ती बोलेल आणि तू मान हलवशील. तीन वाक्यं मात्र आजच पाठ कर. ‘पूव्हे-व्हू रेपेते, सिल व्हू प्ले?’ म्हणजे पुन्हा सांगाल का. ‘प्ल्यू लाँत्माँ’ म्हणजे जरा हळू. ‘सा सेक्री कोमाँ?’ म्हणजे हे कसं लिहितात. फ्रेंचमध्ये अडलेली विद्यार्थिनी फ्रेंचमध्येच मदत मागते तेव्हा शिकवणारीला बरं वाटतं, आणि वेगही आपसूक कमी होतो. मॅडमना भेटायला जाशील तेव्हा ‘मला काहीच कळत नाही’ म्हणू नकोस, त्यावर त्या काही करू शकत नाहीत. ती ६ गुणांची उत्तरपत्रिका ने आणि तीच ध्वनिफीत पुन्हा ऐकायला मिळेल का विचार.

वही दाखवणाऱ्या मुलीचं म्हणशील तर, वही उचलून दुसऱ्यांना दाखवणं हा सरळ उद्धटपणा आहे. पुन्हा केलं तर ‘वही खाली ठेव’ एवढं मराठीत, शांतपणे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण. भांडणात वेळ घालवू नकोस आणि वही लपवूही नकोस.

बाबांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पुण्याच्या आसपास जर्मन कारखाने आणि कंपन्या खूप आहेत, चाकणचं फोक्सवॅगन सगळ्यांना माहीत आहे. कॅपजेमिनीसारख्या फ्रेंच कंपन्याही इथे आहेत. पण एक स्पष्ट सांगायला हवं: नुसत्या ए१वर ना फ्रेंच कंपनी नोकरी देते, ना जर्मन. चार क्रेडिट म्हणजे साधारण ६० तास. तेवढ्यात नेटाने केलं तर ए१च्या आसपास पोचता येतं. भाषेच्या जोरावर काम मिळायचं तर बहुतेक ठिकाणी बी२ विचारतात, आणि त्याला ५०० ते ६०० तास लागतात असं धरून चालतात. म्हणून या सत्राकडून नोकरीची अपेक्षा ठेवू नकोस, आणि बाबांनाही तसंच सांग. हाच हिशेब जर्मनलाही लागू आहे. जर्मनमध्ये तीन लिंगं आणि चार विभक्ती आहेत, हे त्यांना हवं तर सांग, हवं तर सांगू नकोस.

तुझा विषय मात्र त्यांना आठवून दे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलीने फ्रेंच का घेतलं, हा प्रश्न मला तरी पडत नाही. पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट १८८७ साली स्थापन झाली. तिथे काम केलेल्या वाल्देमार हाफकिन यांनीच पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली, परळच्या हाफकिन संस्थेला नाव त्यांचंच. आज फ्रान्समध्ये विज्ञानाचे बरेच एम.एस्सी. पातळीचे अभ्यासक्रम इंग्रजीतून असतात, त्यामुळे प्रवेशाला फ्रेंच लागेलच असं नाही. पण तिथे दोन वर्षं राहायचं, खोली शोधायची, प्रयोगशाळेत जेवायच्या सुट्टीत लोकांमध्ये बसायचं, तर ए२-बी१ एवढी भाषा असणारीचे दिवस बरे जातात.

बाहेरचा क्लास आत्ता लावू नकोस. एकाच वेळी दोन पुस्तकं आणि दोन शिक्षक झाले की गोंधळ वाढतो. सत्र संपू दे. तेव्हा गोडी लागलेली असेल तर पुण्याच्या आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत ए२ची चौकशी कर. डेल्फ ही फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा ए१ पातळीची द्यावीशी वाटली तर ती १०० गुणांची असते: ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं यांना २५-२५, उत्तीर्ण व्हायला एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. प्रमाणपत्राची मुदत कधी संपत नाही, म्हणून घाईही नाही. शुल्क आधी विचारून घे. ए१ची परीक्षा नाही दिलीस आणि थेट ए२ची दिलीस तरी चालतं, पैसे वाचतात.

श्रेणी कशी देतात ते नियमांत उद्याच बघ. दहा दिवसांतला एक हे पत्र वाचण्यात गेलाच.

– ताई